फणसाच्या ओंडक्याचा डाव

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हाही लाकडं बोलायची, फक्त माणसांना ऐकू यायचं नाही.

रावजी आणि त्याचा मेहुणा शिदू दोन मुठींच्या लांब करवतीने लाकडं कापायचे. एक मूठ रावजीच्या हातात, दुसरी शिदूच्या. एकाने ओढायचं, मग दुसऱ्याने.

एकदा त्यांच्यापुढे फणसाचा जाडजूड ओंडका आला. त्याला काही कापून घ्यायचं नव्हतं. मुठींमध्ये भांडण लावलं की काम बंद पडेल, असं त्याला वाटलं.

तो रावजीच्या मुठीला हळूच म्हणाला, "बाई गं, सगळी मेहनत तुझी! पलीकडची नुसती तुझ्यामागे फरपटत येते."

मग हेच तो शिदूच्या मुठीलाही म्हणाला.

झालं! "सगळं मीच करते," म्हणत एकीने जोरात ओढलं. "तू? आता बघच!" म्हणत दुसरीने त्याहून जोरात. भुसा असा उडाला की रावजीच्या मिशा पिवळ्या झाल्या.

"अरे शिदू, जरा दमाने!"

"मी कुठे ओढतोय, दाजी? मला वाटलं तुम्हीच!"

"अगं बायांनो, भांडा, पण थांबून भांडा!" ओंडका कळवळला. पण ऐकतंय कोण? दुपारच्या भाकरीआधीच त्याचे दोन तुकडे झाले.

मग एक तुकडा दुसऱ्याला म्हणाला, "खरा ओंडका मीच हं. तू नुसता माझ्यामागे फरपटत आलास."