गोमा तारी आणि कातळीची मेर

फार वर्षांपूर्वी, पेंडवण्याला पूल नव्हता, रस्ता नव्हता, आपल्या पणजोबांचे पणजोबा जन्मले होते की नव्हते कुणाला ठाऊक, तेव्हा कातळी नदीवर गोमा नावाचा एक तारी होता. तारी म्हणजे होडीतून माणसं पलीकडे नेणारा. ही गोष्ट त्याची आहे. मेर चालायच्या आदल्या दिवशी ती ह्या उडीच्या कातळावर बसून पोरांना सांगायची असते. आजवर माझा रुपेशदादा सांगायचा. यंदा मी सांगतो. मला ती त्याच्यासारखी येत नाही. मध्येच तुटेल. सांभाळून घ्या.

तर गोमा. तो एवढा उंच होता की भर नदीत उभा राहिला तरी पाणी त्याच्या छातीच्या वर जात नसे, असं म्हणतात. होडीची काठी पाण्यात रोवायची, तिला कान लावायचा, आणि वर डोंगरात पाऊस पडतोय का ते त्याला ऐकू यायचं. जेवायला बसला की पहिला घास नदीत टाकायचा. त्यामुळे मोठमोठे मासे त्याच्या होडीमागून गुरांसारखे चालत यायचे.

"मग होडीत पण चढायचे का?" असं दरवर्षी कुणीतरी विचारतं. दादा म्हणायचा, चढायचे, आणि पलीकडे उतरून बाजारालासुद्धा जायचे. मी तसं म्हणणार नाही. मला माहीत नाही.

गोमाला एक धाकटा भाऊ होता. त्याचं नाव येसू. आईबाप लवकर गेले, म्हणून गोमानेच त्याला वाढवला. गोमा जितका शांत तितका येसू उनाड. सगळी वाडी ओरडली तरी तो ह्याच कातळावरून डोहात उडी मारायचा आणि खालून वर येताना हसतच यायचा. त्याचं हसू पाण्यातून आधी वर यायचं आणि डोकं मागून, असं म्हणतात.

एका श्रावणात नदी चढलेली होती. येसूने उडी मारली. कशासाठी, ते कुणी सांगत नाही. कुणाचं वासरू वाहून चाललं नव्हतं, कुणी बुडत नव्हतं. त्याला वाटलं आणि त्याने मारली. हसू वर आलं नाही. डोकंही आलं नाही.

गोमा होडी घेऊन खाडीपर्यंत गेला आणि परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. येसू सापडला नाही. मग गोमा होडीत बसून राहिला. लोक काठावरून हाका मारत, "गोमा, पलीकडे सोड रे," तर तो सोडायचा, पण बोलायचा नाही. पहिला घास मात्र तसाच नदीत टाकायचा. बायका म्हणायच्या, "ज्या तोंडानं भावाला खाल्लं त्याच तोंडात घास घालतोय. ह्याला म्हणावं तरी काय?"

मलाही हेच विचारायचं आहे. पण गोष्ट पुढे आहे.

वरच्या अंगाला देसाई राहायचे. त्यांची पोफळीची मोठी बाग होती आणि त्यांना ती आणखी मोठी करायची होती. नदी जिथे दोन कातळांमधून आकसून जाते त्या जागेला आपण गळा म्हणतो. त्या गळ्यात भिंत घालायची, सगळं पाणी मागे तुंबवायचं आणि बागेला घ्यायचं, असं देसायांच्या मनात कधीपासून होतं. पण खालच्या गावांचे मासे जातील, होडी जाईल, पाणी जाईल, म्हणून लोक अडून बसले होते. येसू गेला आणि देसायांना वाट मिळाली.

त्यांनी गोतसभा बोलावली. जुन्या काळी सगळ्या गावांची माणसं एकत्र बसून न्याय करायची, तिला गोतसभा म्हणत. देसाई उभे राहिले आणि म्हणाले, "आज गोमाचा भाऊ गेला. उद्या तुमचं पोर जाईल. ह्या नदीला मोकळी सोडायची नाही. मी तिच्या गळ्यात भिंत घालतो. खर्च माझा."

आयांनी पोरं जवळ ओढली. माणसं माना हलवायला लागली. कोण नाही म्हणणार? मी तिथे असतो तर मीच पहिला म्हणालो असतो, बांधा. आजच बांधा.

तेव्हा गोमा उठला. येसू गेल्यापासून तो पहिल्यांदा बोलला. "नदी तुमची नाही," तो म्हणाला.

"मग कुणाची? तुझी?"

"नाही. नदी नदीची."

सभा हसली. कुणीतरी मागून ओरडलं, "गोमा, भाऊ गेला तो गेला, डोकंपण नेलं काय रं त्यानं?"

देसायांनी हात वर केला. त्यांना खरंच कळत नव्हतं. "अरे, तुझ्या भावाला हिनं खाल्लं. आणि तू हिची बाजू घेतोस?"

गोमा म्हणाला, "येसू सापडलेला नाही, धनी. तो अजून वाटेत आहे. वाट अडवू नका."

ह्याचा अर्थ काय, तो तेव्हाही कुणाला कळला नाही. कुणी म्हणतं, गोमाला वाटत होतं की भाऊ पाण्यातून समुद्राकडे निघालाय आणि भिंत झाली तर तो अडकून पडेल. कुणी म्हणतं, तो दुःखाने भ्रमिष्ट झाला होता. मी दादाला विचारलं होतं. तो म्हणाला, "एकदा घागर घेऊन चाललास की कळेल." मी म्हणालो, आत्ताच सांग. तो हसला आणि त्याने मला ह्या कातळावरून खाली ढकललं.

सभेत आता पेच पडला. नदीला जमीन कशी असेल? पण त्या मुलखात एक रीत होती. जमिनीचा वाद लागला की हक्क सांगणाऱ्याने त्या जमिनीची माती डोक्यावर घ्यायची आणि तिची हद्द चालून दाखवायची. त्या हद्दीला मेर म्हणतात. तो जिथून चालेल तीच मेर. खोटा असेल तर वाटेत पडेल, खरा असेल तर पुरी करेल, आणि मग राजालासुद्धा ती मोडता यायची नाही.

देसाई हसून म्हणाले, "चालू दे ह्याला. पण नदीची माती कसली? पाणी घे डोक्यावर. काठोकाठ घागर. एक थेंब सांडला की माझे गवंडी कामाला लागतील. आणि चैत्रात चाल. तेव्हा नदी नीट दिसते."

देसाई फार हुशार होते. चैत्रात कातळी किती असते तुम्ही बघताच आहात. समोर आहे. पोरीच्या रिबिनीएवढी. तेवढीच नदीची ठरली की बाकी सगळं देसायांचं.

चैत्र आला. गोमाने डोहात घागर बुडवली, डोक्यावर घेतली आणि निघाला. आणि सगळे बघत राहिले, कारण तो पाण्याच्या कडेने गेलाच नाही. तो वर चढला. वाळू सोडली, गोटे सोडले, दरड चढून शेतात शिरला आणि तिथून चालायला लागला.

"अरे, नदी खाली आहे!" देसाई ओरडले.

"आत्ता खाली आहे, धनी," गोमा मान न हलवता म्हणाला. "आषाढात इथं असते."

तो चालला तिथे त्याच्यामागे कोरडी जमीन ओली होत गेली आणि ढेकळांखालून खेकडे बाहेर आले, असं म्हणतात. तो देसायांच्या बागेत शिरला तेव्हा पोफळी बाजूला वाकल्या. तो देसायांच्या अंगणातून गेला, तुळशीच्या उजव्या अंगाने. घरातली माणसं खिडकीत आली. देसायांना अडवता आलं नाही, कारण तो जिथून चालेल तीच मेर, हे सभेत त्यांनीच मान्य केलं होतं. देसायांची म्हातारी आई मात्र पायरी उतरली आणि काठी टेकत त्याच्यामागून चालायला लागली. "थेंब सांडतोय का बघते," ती म्हणाली.

गोमा नदीच्या उगमाला वळसा घालून पलीकडच्या अंगाने उतरला. पाठीमागे गावंच्या गावं चालत होती. घागर हलली नाही. मग तो गळ्याच्या जागी आला. तिथे देसायांच्या गवंड्यांनी दगड रचून ठेवलेच होते. गोमाने दगडावर पाय ठेवला आणि खालून, पाण्यातून, हाक आली.

"दादा!"

सगळ्यांनी ऐकली. येसूचाच आवाज. हसताना असायचा तसा.

"दादा! अरे इकडं बघ की!"

गोमा थांबला. डोक्यावर काठोकाठ घागर. मान वळवली तर पाणी सांडणार. पाणी सांडलं तर भिंत होणार. आणि खाली भाऊ.

तो वळला नाही.

दादा इथवर आला की मला राग यायचा. अजून येतो. कुणी म्हणतं, तो येसू नव्हता, नदीच त्याची परीक्षा बघत होती. कुणी म्हणतं, देसायांचा माणूस दगडाआड लपून आवाज काढत होता. कुणी म्हणतं, येसूच होता, आणि तो निरोप घ्यायला आला होता. पण काही असो, बघायचं ना? भाऊ हाक मारतोय आणि तू बघत नाहीस? एकदा बघायचं. पाणी काय, पुन्हा भरता येतं.

ते पुन्हा भरता येत नाही. मला माहीत आहे. तरी.

गोमा चालायला लागला, आणि देसायांची माणसं ओरडली, "सांडलं! सांडलं!" गोमाच्या गालावरून पाणी ओघळत होतं. सगळ्यांनी पाहिलं. देसाई पुढे धावले. पण त्यांची आई त्यांच्याआधी पोचली. तिने गोमाच्या गालावरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"खारट आहे," म्हातारी म्हणाली. "नदीचं पाणी गोडं असतं. हे घागरीतलं नाही." आणि मुलाकडे वळून म्हणाली, "बाजूला हो, रे. त्याला जाऊ दे."

गोमाने मेर पुरी केली. खाडीच्या तोंडाशी तो कमरेएवढ्या पाण्यात गेला आणि घागर समुद्रात ओतली. पुढे तो होडीवर दिसला की नाही, ह्यावर गावांचं एकमत नाही. कुणी म्हणतं तो म्हातारा होऊन मेला. कुणी म्हणतं तो तसाच चालत पुढे गेला. त्या आषाढात पूर आला तो बरोबर त्याच्या पावलांपर्यंत आला आणि तिथे थांबला, असं मात्र सगळेच म्हणतात. बाग मेरेच्या आत होती, म्हणून देसाई नदीच्या जमिनीवरचं कूळ झाले. अजूनही त्यांच्या घरातलं माणूस सुपारीचा पहिला घड नदीत सोडतं आणि कसनुसं हसतं.

अलीकडे सरकारने कायदा करून कातळी राखीव केली. गळ्यावर भिंत नाही, वाळू उपसायची नाही, मेरेच्या आत घर बांधायचं नाही. माणसांनी यावं, पोहावं, होडी चालवावी, गरी टाकून मासा धरावा आणि परत सोडावा. मोजणीवाल्यांनी विचारलं, नदी कुठपर्यंत? लोक त्यांना मेरेवरून घेऊन गेले. लाल दगड दिसतात ना, ते गोमाच्या पावलांवर आहेत.

दादाने त्याच वर्षी फुगवायची होडी घेतली. शहरातल्या माणसांना गळ्यातून खाली न्यायचा. ती किंचाळायची आणि पुन्हा न्या म्हणायची. गेल्या श्रावणात वरून एकदम पाणी आलं. माणसं काठाला लागली. होडी सापडली. दादा सापडला नाही.

आता परत लोक म्हणतायत, गळ्यावर भिंत घाला, राखीव काढून टाका. ग्रामसभेत मला विचारलं. मी बांधा म्हणालो. मग नको म्हणालो. मग उठून बाहेर आलो. मला दोन्ही खरं वाटतं. सकाळी एक वाटतं, जेवताना दुसरं.

आमच्याकडे रीत आहे. चैत्रात मेर चालायची, आणि ज्या घरातलं माणूस त्या वर्षी गेलं त्या घराने घागर घ्यायची. घागर कुणी उचललीच नाही तर मेर मोडली असं समजायचं. तसं आजवर झालेलं नाही. गळ्यापाशी पोरं पाण्यात उभी राहतात आणि घागरवाला वर आला की सगळी मिळून ओरडतात, "दादा! दादा, इकडं बघ की!" त्याने बघायचं नसतं. मी लहानपणापासून त्या पोरांत उभा राहून घसा फोडून ओरडलोय. घागर कुणाच्याही डोक्यावर असो, माझी हाक काठावर बसलेल्या रुपेशदादालाच असायची. तो नेहमी बघायचा. त्याच्या डोक्यावर काही नसायचं.

उद्या तुम्ही पाण्यात असाल. वर मी असेन. मला अजून कुणी दादा म्हटलेलं नाही, त्यामुळे पहिल्यांदा मला कळणारच नाही की हाक मला आहे. मला वाटेल, तुम्ही त्याला बोलावताय. मग मी काय करेन ते मला आत्ता सांगता येत नाही. पण घागर मी उचलणार. एवढं सकाळपासून बदललेलं नाही.

जोरात ओरडा. हळू ओरडलात तर बघा.

आणि पाणी ओघळलं तर घाबरू नका. देसायांच्या घरातली नमाआजी बरोबर चालते. ती बोट लावून चाखते. खारट असेल तर ते सांडलेलं धरत नाहीत.