पाचवी गोळी

"मग पाचवी वगळून मोजूया ना, उस्ताद?"

मुलाणी उस्ताद टेबलावर पसरलेल्या टारगेटच्या कागदाकडे पाहत राहिले.

फौजेतून निवृत्त झालेले उस्ताद आता पोलिसांच्या रेंजवर नेमबाजी शिकवत. ओलिसांच्या सुटकेसाठी नवी तुकडी उभी राहत होती. तीत कोण जाणार, हे त्यांच्याच शब्दावर ठरणार होतं. आणि फौजदार गवाणकरला ती जागा आपलीच वाटत होती.

त्यानं खिशातून रुपया काढून कागदावर ठेवला. चार छिद्रं नाण्याखाली झाकली गेली.

"बघा! जिल्ह्यात आहे कुणाचं असं ग्रुपिंग?"

"नाही."

पाचवं छिद्र चार बोटं डावीकडे होतं. उस्तादांनी त्यावर बोट ठेवलं.

"आणि ही?"

"ती भटकी, उस्ताद. मध्येच वारा आला."

रेंजवर अशा गोळीला सगळेच भटकी म्हणत. मोठे साहेबसुद्धा. जणू ती आपल्या मर्जीनं फिरायला गेली होती! पुढे अहवालातही तसंच येतं: गोळी लागली. कुणी झाडली, ते लिहायला कुणाचा हात वळत नाही.

"मग वाऱ्यालाच घेऊ का तुकडीत?"

गवाणकर हसला. उस्ताद हसले नाहीत.

"ओलीस धरणारा कुठे उभा राहतो?"

"ओलिसाच्या मागे. अगदी चिकटून."

"त्याचं दिसतं किती?"

"अर्धं डोकं... कधी तेवढंही नाही."

उस्तादांनी नाणं उचलून त्याच्या हातात दिलं. मग कागद उचलला, दोन्ही हातांनी आपल्या चेहऱ्यासमोर धरला आणि थोडा सरकवला.

पाचव्या छिद्रातून त्यांचा डोळा दिसू लागला. म्हातारा डोळा. मिटत नव्हता.

गवाणकरनं सवयीनं मोजपट्टी उचलली. ती कागदापर्यंत पोचली नाही.

"उस्ताद..."

कागद हलला नाही.

"उस्ताद, खाली घ्या ना तो."

"बोल, गवाणकर," कागदामागून आवाज आला. "वगळतोस मला?"