मानाची केरगाडी

आपल्या पणजीनेही जे दिवस नुसते ऐकलेच असतील, त्या दिवसांतली ही गोष्ट. एका टेकडीच्या उतारावर एक नगर होते. घरोघरचा केर न्यायला नगराची एकच बैलगाडी होती.

पण त्या गाडीलाही मानपान होता. आधी नगरशेठचे दार, ते टेकडीच्या माथ्यावर. मग कोतवालाचे, ते पार खाली वेशीजवळ. मग पुन्हा वर, राजवैद्यांकडे. चढता-उतरता बैलाच्या तोंडाला फेस यायचा. कुंभारआळीचा नंबर सगळ्यात शेवटी. तिथे पोचायच्या आधीच दिवस मावळायचा आणि गाडी परत फिरायची.

त्या आळीत एक तरुण आई राहायची. तिचे रांगते बाळ महिन्यात दोनदा जुलाबाने सुकले होते. दारापुढचा कुजका ढीग बघितला की तिच्या मनात यायचे, आता तिसऱ्यांदा दुखणे आले तर? तिला घास गिळवेना.

एका सकाळी तिने गाडीवानाला गाठले. "बाबा, आमच्याकडे कधी येणार?"

"मला का हौस आहे, पोरी? बैलाला विचार!"

ती खरेच बैलापाशी गेली.

बैल म्हणाला, "बाई, गाडी रिकामी असली की चढाचे मला काही नाही. भरली की उतार हवा. पण मला विचारतो कोण?"

बाळाला कडेवर घेऊन ती पंचांपुढे उभी राहिली. म्हणाली, "गाडी रिकामी वर न्या. मग आळीमागून आळी घेत खाली आणा."

कोतवाल उसळला. "म्हणजे कुंभारआळीनंतर माझे दार? माझा मान तो काय राहिला?"

"कोतवालसाहेब, माशी मान बघत नाही. आमच्या ढिगावरून उठते, ती तुमच्या ताटात बसते."

नगरशेठ खो खो हसले. "तरीच परवा तुमच्याकडे माझ्या खिरीत निघाली!"

कोतवाल ओशाळला. म्हणाला, "बरं, आठ दिवस करून बघा."

पहिल्याच दिवशी दुपारच्या आत सगळे नगर झाडून निघाले. बैलाला दम खायला वेळ मिळाला. आठ दिवसांनी जुना क्रम परत आणा, असे कोणीच म्हणाले नाही, कोतवालही नाही.

पुढच्या महिन्यात बाळ आजारी पडले नाही. स्वच्छ अंगणात ते भिंत धरून उभे राहिले, आणि आईने कितीतरी दिवसांनी पोटभर भाकरी खाल्ली.

तात्पर्य : सगळ्यांच्या कामाची वाट सोय बघून आखावी; मान बघून आखली, तर त्रास सगळ्यांच्याच दारी येतो.