चिमणवाडीच्या ढालीवरची सव्वीस नावं

एका गावात एक फुटबॉलचा संघ होता आणि हरण्यात त्याचा हात धरणारं अख्ख्या खोऱ्यात कुणी नव्हतं. गावाचं नाव चिमणवाडी. खोऱ्यात अशी बारा गावं, आणि बाराही गावांना फुटबॉलचं वेड. दसऱ्यानंतर सामने सुरू व्हायचे आणि होळीच्या आत एका गावाला पितळेची ढाल मिळायची. बहुतेक वेळा ती साखरपूरला जायची. साखरपूर मोठं गाव. तिथे कारखाना, मैदानावर हिरवळ आणि बसायला दगडी पायऱ्या. चिमणवाडीच्या मैदानाला मात्र उतार होता. त्यामुळे दुसऱ्या अर्ध्या डावात चेंडू आपोआप आपल्याच गोलकडे घरंगळतो, असं गावकरी हरल्यावर सांगत. पहिल्या अर्ध्या डावाबद्दल कुणी काही बोलत नसे.

खोऱ्याचा एक कडक नियम होता. सलग तीन वर्षं जो संघ शेवटचा येईल, त्याने पुन्हा ढालीसाठी खेळायचं नाही. चिमणवाडी दोन वर्षं शेवटची आली होती. संघ सांभाळायला कुणी तयार होईना, तेव्हा गावाने तो तात्यांच्या गळ्यात घातला.

तात्या म्हणजे बैलबाजारातले जुने दलाल. आयुष्यभर त्यांनी रुमालाखाली सौदे केले होते. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली हात घालतात, एकमेकांची बोटं दाबतात आणि भाव ठरवतात. बघणाऱ्यांना काही कळत नाही. खोऱ्यातल्या खेळाडूंची अदलाबदलही दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी याच बाजारात, याच रीतीने व्हायची. माणसाला पैसा लावायचा नाही, माणसाच्या बदल्यात माणूस द्यायचा. जितकी बोटं दाबली तितके खेळाडू.

साखरपूरचा हिशेब सरळ होता. वर्षभरात ज्याने जास्त गोल केले, त्याला उचलायचं. बाकीची गावंही तेच करू बघत आणि साखरपूरने टाकलेल्यांवर समाधान मानत. तात्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण खरेदीतलं कळत होतं. ते म्हणाले, "झूल घातलेला बैल कुणालाबी चांगलाच दिसतो. संध्याकाळी दमून पाण्यावर येतो, तवा बघावा."

म्हणून खेळाडू हेरायला ते सामन्याला जातच नसत. सामना ढालीचा असो की उन्हाळ्यातल्या जत्रेतला, ज्या गावाचा संघ हरला असेल, तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी जायचे आणि मैदानाच्या कडेला विडी ओढत बसायचे. पराभवाच्या दुसऱ्या दिवशी मैदानावर कोण येतं, एवढंच त्यांना बघायचं असे. बहुतेक ठिकाणी कुणीच येत नसे. एका गावात एक बुटका गोलकीपर दिसला. आदल्या दिवशी ज्या कोपऱ्यातून गोल खाल्ला होता, त्याच कोपऱ्यात तो पुन्हा पुन्हा उडी मारत होता. उंची कमी म्हणून गावाने त्याला काढायचं ठरवलं होतं. दुसऱ्या गावात भिवा नावाचा गडी भेटला. त्याला वर्षभर कुणी पास दिला नव्हता, म्हणून तो भिंतीवर चेंडू मारून स्वतःच स्वतःला पास देत होता. असे पाच जण तात्यांनी आपले पाच देऊन दसऱ्याच्या बाजारातून आणले. त्या वर्षी चिमणवाडी आठवी आली आणि गावाने एवढे पेढे वाटले, की ढाल मिळाली असं वाटावं.

आता एवढ्यावर थांबले तर ते तात्या कसले? नव्या खोंडाला कामाला लावायचं, तर त्याला जुन्या बैलाशेजारी जुंपतात. तात्यांनी मैदानावरही तेच केलं. प्रत्येक जागेला दोन माणसं, एक खेळणारा आणि एक शिकणारा. सराव जोडीने, धावणं जोडीने, जेवणसुद्धा शेजारी बसून. नव्या खेळाडूला ते पहिल्याच दिवशी सांगत, की तू इथून मोठ्या गावात जाणार हे मी धरूनच चाललोय, आणि तू तयार झालास की मी स्वतः तुझ्यासाठी रुमाल काढीन. अट एकच. जाणाऱ्याने आपली जागा शिकवून जायची. जोडीदार उभा राहिल्याशिवाय बाजार नाही.

तेव्हापासून दरवर्षी चिमणवाडीचे तीन चांगले खेळाडू बाजारात जायचे आणि एकेकाच्या बदल्यात कुणाला माहीत नसलेले दोन-तीन यायचे. गाव कुरकुरायचं. पिठाच्या गिरणीवाल्या काकू तर तोंडावर म्हणायच्या, की तात्या गाभण म्हैस देऊन शेळ्या आणतात. पण संघ पाचवा आला, मग तिसरा आला, आणि चौथ्या वर्षी अंतिम सामन्यात साखरपूरकडून एका गोलने हरून दुसरा आला. तेव्हा काकू गप्प बसल्या. काकू गप्प बसणं ही चिमणवाडीत मोठीच गोष्ट होती.

त्या वर्षी एकट्या भिवाने एकोणीस गोल केले होते. चेंडू घेऊन तो डावीकडे झुकायचा, बचाव करणारा तिकडे वळला की झटकन उजवीकडे फिरून मारायचा. गावातली लहान पोरं अंगणात भिवाची गिरकी खेळायची. पुढच्या वर्षी ढाल आपलीच, यावर दुमत नव्हतं. काकूंनी तर गिरणीच्या भिंतीत ढालीसाठी खिळाही ठोकून ठेवला.

आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी साखरपूरचे अध्यक्ष बाजारात तात्यांसमोर येऊन बसले. रुमालाखाली त्यांनी चार बोटं दाबली. एका माणसाला चार, असा सौदा खोऱ्यात कधी झाला नव्हता. पायऱ्यांवर बसून कंटाळलेले चार तरणे खेळाडू ते द्यायला तयार होते. तात्यांनी त्या चौघांना पूर्वीच पाहून ठेवलं होतं. साखरपूर क्वचितच हरायचं, पण हरलं की दुसऱ्या दिवशी सकाळी तेच चौघे मैदानावर असायचे.

तात्यांनी हात मागे घेतला आणि आधी भिवाला विचारलं. बैलाला कुणी विचारत नाही, पण माणसाला विचारायचं, हा त्यांचा नेम होता. भिवा मान खाली घालून म्हणाला, "तात्या, गावाची माया हाय. पण मला एकदा हिरवळीवर खेळायचंय. न्हाई म्हणालात तरी मी रागावणार न्हाई."

ही बातमी गावात पोचली तेव्हा गिरणीसमोर सगळं गाव जमलं. काकू कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"ढाल दारात आली," त्या म्हणाल्या, "आन् तुम्ही दारच विकाया निघालात, तात्या."

तात्यांनाही मोह होताच. भिवाला ठेवलं तर ढाल जवळजवळ नक्की होती. पण पुढे काय? चार जागांना शिकणारेच उरले नव्हते. भिवा अडकून पडला असता, तर पुढच्या वर्षी चिमणवाडीत यायला कोण धजावलं असतं? चार वर्षं ज्या शब्दावर माणसं आली, तो शब्द पहिल्याच अवघड वेळेला मोडला असता.

"मी त्येला पयल्या दिवशी शबुद दिलाय," तात्या म्हणाले. "गेल्या सालापेक्षा आपण खाली गेलो, तर ह्यो रुमाल तुमच्या हातात देईन आन् परत मैदानावर पाय ठेवणार न्हाई."

सौदा झाला. बाजाराच्या रिवाजाप्रमाणे तात्यांनी घेणाऱ्याला खोडही सांगितली. भिवाला कायम डावीकडून साथ लागते, शेजारी जोडीदार नसला की तो एकटा पडतो, तेव्हा त्याला जोडीने खेळवा. अध्यक्षांना वाटलं, म्हातारा सौदा झाल्यावरही घासाघीस करतोय. ते हसले आणि भिवाला घेऊन गेले.

भिवाच्या जागी त्याचा जोडीदार रंगनाथ आला. हा रंगनाथ दोन वर्षं भिवाशेजारी धावला होता, पण पूर्ण सामना कधी खेळला नव्हता. पहिल्या तीन सामन्यांत त्याने एकही गोल केला नाही. चेंडू आला की डावीकडे झुकायचा, उजवीकडे गिरकी घ्यायचा आणि स्वतःच्याच पायात पाय अडकून पडायचा. तात्या कडेवरून ओरडायचे, भिवा कुठं उभा राहायचा आठव, भिवा कसा वळायचा आठव. रंगनाथ आठवायचा आणि पुन्हा पडायचा. दोन सामने हरले, एक कसाबसा बरोबरीत सुटला. काकूंनी भिंतीतला खिळा काढला नाही, पण त्याला कांद्याची माळ अडकवली.

चौथ्या सामन्याआधी तात्या दळण घेऊन गिरणीत आले, तेव्हा काकू त्यांच्याकडे न बघताच बोलल्या. "त्येला भिवाची जागा दिलीत ते ब्येस झालं. पण आता भिवाचं पायबी द्याया निघालात. त्यो डावरा हाय, तात्या. माझ्या गिरणीत पोतं उचलतो तवा बघती की मी."

तात्या खाली बसले. जन्मभर बैल पारखणाऱ्या माणसाला एवढं दिसू नये? जुन्या बैलाशेजारी खोंड चालायला शिकतो, पण चाल त्याची त्याचीच असते, हे त्यांनी शेकडो शेतकऱ्यांना सांगितलं होतं. दळण तिथेच टाकून ते मैदानावर गेले. सगळ्यांसमोर त्यांनी रंगनाथला सांगितलं, की चूक माझी होती, आजपासून तू तुझ्या पायांनी खेळ.

त्यानंतर चिमणवाडी एकही सामना हरली नाही. रंगनाथ गोल करू लागला, साखरपूरहून आलेले चौघे जोडीला जुंपले गेले आणि दोघांनी तर आपल्या जागा पक्क्या केल्या. होळीच्या आठवडाभर आधी अंतिम सामना ठरला, तोही साखरपूरच्या हिरवळीवर. समोर साखरपूर, आणि साखरपूरकडून भिवा.

सारी चिमणवाडी बैलगाड्यांतून आली. साखरपूरच्या संघात अकराही जण आपापल्या गावचे सर्वांत जास्त गोल करणारे होते. प्रत्येकाला गोल करायचा होता, त्यामुळे पास कुणी कुणाला देत नव्हतं. भिवा डावीकडे बघायचा, तिथे कुणी नसायचं. तरी तो भिवा होता. एकट्याने चेंडू काढून त्याने गिरकी घेतली आणि मारला. आपला बुटका गोलकीपर त्या गिरकीसमोर चार वर्षं सराव करत आला होता. त्याने उडी घेतली आणि चेंडू पोटाशी धरला. चिमणवाडीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आधी गोलकीपरसाठी, आणि मग, का कोण जाणे, भिवासाठीही.

शेवटची पाच मिनिटं उरली तरी गोल झाला नव्हता. तेवढ्यात चेंडू रंगनाथकडे आला. साखरपूरचे सगळे पुढे गोल करायला गेले होते. मागे धावत आला तो एकटा भिवा. त्याला माहीत होतं, ही जागा आपली, इथून कसं वळायचं ते आपणच शिकवलंय. रंगनाथ डावीकडे झुकला. आता हा उजवीकडे फिरणार म्हणून भिवा उजवीकडे सरकला. रंगनाथ फिरलाच नाही. झुकला तसाच डावीकडून निघून गेला आणि डाव्या पायाने त्याने चेंडू जाळ्यात घातला.

जागच्या जागी उभा राहून भिवा बघत राहिला. मग गर्दीचा आवाज उठायच्या आधीच त्याने दोन्ही हात वर केले. आपण हरलो, हे त्याला नंतर आठवलं.

सामना संपल्यावर साखरपूरचे अध्यक्ष रुमाल घेऊन तात्यांकडे आले आणि रंगनाथसाठी पाच बोटं दाबली. तात्या म्हणाले, दसऱ्याला या, रंगनाथला विचारू, आणि खोड तेव्हाही खरी सांगू. या वेळी मात्र ऐकून घ्या. अध्यक्ष या खेपेला हसले नाहीत.

ढालीवर जिंकणाऱ्या अकरा जणांची नावं कोरायचा रिवाज होता. तांबटाने छिन्नी घेऊन नावं विचारली. काकू पुढे झाल्या आणि त्यांनी पहिलं नाव सांगितलं, भिवा. तांबट म्हणाला, भिवा तर साखरपूरकडून खेळला, हरलेल्याचं नाव कसं कोरू?

"त्यो तिकडनं खेळला आसंल," काकू म्हणाल्या, "पण जिथनं गोल झाला ती जागा त्यानं शिकवल्याली हाय. आजवर आमचं जे जे गडी भाईर गेलं, ते समदं कोरायचं. जागा पुरंना तर बारीक अक्षर काढ."

जिंकलेले अकरा आणि बाहेर गेलेले पंधरा, अशी सव्वीस नावं बारीक अक्षर काढूनच बसली. होळीला पोळी खायला भिवा चिमणवाडीत आला, तेव्हा ढाल गिरणीत त्याच खिळ्यावर टांगलेली होती आणि कांद्याची माळ खाली उतरली होती. ढालीवर पीठ बसलं होतं. भिवाने ते बाहीने पुसलं आणि आपलं नाव वाचलं. डोळे भरून आले तसा तो पीठ डोळ्यांत गेलं म्हणाला. काकूंनी त्याला खोटं पाडलं नाही.

पुढे खोऱ्यातल्या बाराही गावांच्या संघांत चिमणवाडीत तयार झालेला एक तरी खेळाडू होता. कुठल्याही दोन गावांचा सामना असो, चिमणवाडीची माणसं बघायला जात आणि दोन्हीकडच्या गोलांना टाळ्या वाजवत. कुणी विचारलं, की तुमचं कोण खेळतंय, तर ती छाती काढून सांगत, "दोन्हीकडं आमचंच."

तात्पर्य: आपल्या माणसाला मोठं होऊन जाऊ द्यावं; जाताना तो आपली जागा शिकवून गेला, तर गाव रिकामं होत नाही, वाढतं.