माळावरची टिटवी

“…आणि पाळकाच्याच तोंडून शब्द फुटत नसेल, तर त्यानं मंडळीपुढं उभं राहून करायचं काय, मावशी?”

सगुणामावशी सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा होता सत्यवान उमाप. शहरातल्या एका मोठ्या चर्चचा पाळक. त्याचा उपदेश ऐकायला लोक लांबून येत. कुणाच्या घरी मरण झालं की आधी त्याला बोलावणं जाई. लहानपणी याच खेड्यात सगुणामावशींनी त्याला हात जोडून पहिली प्रार्थना शिकवली होती. त्या आता त्र्याऐंशीच्या. चाळीस वर्षं गावोगाव पायी हिंडून त्यांनी शुभवर्तमान सांगितलं, बाळंतिणींची उस्तवार केली. आता माळाच्या कडेला एका खोलीत एकट्याच राहत.

फेब्रुवारीत सत्यवानची बायको गेली. कुमुद. साधा ताप म्हणता म्हणता आठ दिवसांत सगळं आटोपलं. तिच्या दफनाचा उपदेश त्यानं स्वतःच केला. आवाज कुठं कापला नाही, डोळ्यांत टिपूस आलं नाही. लोक म्हणाले, विश्वास असावा तर असा.

ते ऐकून त्याला बरंही वाटलं होतं.

मग ईस्टर आला, येशू मरणातून उठला त्याचा सण. पहाटेची उपासना कबरस्तानात होती. समोर कुमुदची कबर, माती अजून बसायचीच होती. ‘प्रभू उठला आहे’ एवढंच म्हणायचं. त्यानं तोंड उघडलं… शब्द आलाच नाही. मंडळी वाट पाहत राहिली. शेवटी मागच्या एका म्हाताऱ्यानं गीत धरलं आणि वेळ निभावून नेली.

त्यानंतर आठवड्यानं तो इथं आला होता. राजीनामा लिहून झाला होता.

“विश्वास उडाला का रे?” मावशींनी विचारलं.

“माहीत नाही. आत काहीच नाही. नुसतं कोरडं.”

“हं.”

“तुम्ही काही बोलणार नाही?”

“मी काय बोलू? सगळी वचनं तुला तोंडपाठ.” त्यांनी एक खडा वेचून बाहेर टाकला. “‘आकाशातली पाखरं पेरत नाहीत, कापणी करत नाहीत, तरी देव त्यांना जेवू घालतो,’ या वचनावर किती उपदेश केलेस आजवर?”

“असतील पंधरा-वीस.”

“आणि पाखरं किती पाहिलीस?”

सत्यवान सुपातल्या तांदळांकडं पाहू लागला.

“दोन-तीन दिवस राहा,” मावशी म्हणाल्या. “तळ्याच्या अलीकडं मुरमाड जागा आहे. तिथं टिटवी अंड्यांवर बसलीय. जाऊन बघ. लांबूनच.”

“आणि प्रार्थना?”

“बघ म्हटलं ना.”

तो मनातून खट्टू झाला. एवढं शिकलेल्या माणसाला पोरासारखं पाखरं बघायला धाडायचं. पण मावशींचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो जाऊन बाभळीखाली बसला.

आधी काही दिसेचना. सगळा माळ एका रंगाचा. मग एक दगड हलला, आणि ती टिटवी होती.

घरटं असं नव्हतंच. उघड्या जमिनीत ओंजळीएवढा खळगा, भोवती चार खडे, आत चार अंडी. अंडीही मातीच्या रंगाची. वर सावली नाही, बाजूला आडोसा नाही. इतक्या उघड्यावर कुणी संसार मांडतं का, असं त्याच्या मनात आलं.

दुपारी ऊन मी म्हणू लागलं. टिटवी उठली. त्याला वाटलं, गेली सोडून. ती गेली तळ्यावर. पोट पाण्यात बुडवून परत आली आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसली. थोड्या वेळानं दुसरी आली, तिनं जागा घेतली. पहिली पुन्हा पाण्याकडं. संध्याकाळपर्यंत दोघांच्या अशा किती खेपा झाल्या…

उठताना सत्यवानच्या लक्षात आलं, की बराच वेळ आपण छातीवरचं ओझं विसरलो होतो.

संध्याकाळी मावशींनी काही विचारलं नाही. तोच बोलला.

“दोघं मिळून करतात, मावशी.”

“हो.”

“आमचंही तसंच होतं. मी लिहायचो, ती आधी ऐकायची. अवघड शब्द आला की म्हणायची, हे आपल्या लोकांना कळणार नाही…”

तो थांबला. मावशींनी कंदिलाची काच पुसली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो धापा टाकत खोलीवर परत आला.

“तुडवली,” तो म्हणाला.

“काय झालं?”

“मेंढरांचा कळप गेला पाण्यावर. थेट वरून. मी ओरडलो, मेंढपाळाच्या ध्यानात येईपर्यंत… चारही फुटली.” “हे दाखवायला पाठवलंत मला? देव पाखरांना सांभाळतो म्हणून लोकांना सांगत आलो. हे सांभाळणं?”

मावशींनी कोपऱ्यातली काठी घेतली, चपला घातल्या.

“चल.”

“आता तिथं काय आहे बघायला?”

“चल तर.”

तळं जवळ होतं, पण मावशींच्या पावलांनी अर्धा तास लागला. कळप निघून गेला होता. खळग्यात टरफलं आणि ओल. दोन्ही टिटव्या डोक्यावर घिरट्या घालत होत्या. ओरडत होत्या. त्यांच्या ओरडण्यानं सगळा माळ भरून गेला होता. थोडं वर जायच्या, खाली झेप घ्यायच्या, पुन्हा वर.

मावशी काठीवर रेलून बराच वेळ ऐकत राहिल्या.

“काय करताहेत त्या?” त्यांनी विचारलं.

“दिसतंय ना. आक्रोश.”

“कुणापुढं?”

सत्यवाननं वर पाहिलं. वर नुसतं आभाळ होतं.

“तुझा झाला का?”

“काय?”

“आक्रोश.”

“मी पाळक आहे, मावशी.” त्याचा आवाज कोरडा होता. “मंडळी बघत होती. मीच कोसळलो असतो तर त्यांनी कुणाकडं बघायचं होतं?”

मावशींनी काठी खाली ठेवली. मग त्याच्याकडं पाठ करून त्या सावकाश जमिनीवर बसल्या. पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि दोन्ही हातांनी कान घट्ट झाकले.

“घे,” त्या म्हणाल्या. “आता कुणी बघत नाही. मीसुद्धा.”

तो उभाच होता. वरती टिटव्या ओरडत होत्या.

आधी नुसताच घशातून आवाज निघाला, कसला ते त्यालाही कळलं नाही. मग तो खाली बसला. मग नाव आलं. कुमुद. एकदा, दोनदा. मग तो देवाला बोलला. काय काय बोलला ते त्यानं पुढं कुणाला सांगितलं नाही. फक्त एवढंच, की व्यासपीठावरून तसं बोलायची कधी छाती झाली नसती. मुठीत मुरूम धरून तो लहान लेकरासारखा रडला.

हे मला उमाप पाळकांनीच सांगितलं. राजीनामा त्यांनी दिला नाही. अजून त्याच मंडळीत आहेत. कुणाच्या दफनाला उभे राहिले की आता त्यांचा आवाज कापतो, मधेच थांबतात, आणि घरचे लोक त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून मोकळे होतात. परवाच्या ईस्टरला ‘प्रभू उठला आहे’ म्हणताना त्यांच्या डोळ्यांतून धार लागली होती, असं लोक सांगतात.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी असलं काहीच ठरलं नव्हतं. सत्यवान जमिनीवर पडून होता. घसा सोलवटला होता. पाण्यावरून थोडा वारा आला तो त्याच्या ओल्या गालांना लागला, आणि कितीतरी दिवसांनी त्याला श्वास पोटापर्यंत गेल्यासारखा वाटला.

माळ शांत झाला होता. तो उठून बसला.

मावशींनी कानांवरचे हात काढले होते. दोघंही तळ्याकडं पाहत राहिले.

टिटव्या खाली उतरल्या होत्या. पाण्याच्या कडेनं एक चालत होती. दोन पावलं टाकायची, थांबायची, चिखलात चोच घालायची. पुन्हा दोन पावलं…

“मावशी,” सत्यवान हळूच म्हणाला. “इतक्यात विसरली?”

मावशींनी डोळ्यांवर हात धरून नीट पाहिलं.

“विसरली नाही रे, बाळा. तिला जेवायला वाढलंय.”