कोऱ्या होडीचं गाव

कोंडवेळच्या पुळणीवर कोरी होडी दिसली की पाहुणे हटकून विचारतात, रंगाला पैसे पुरले नाहीत का? हसा खुशाल. इथं नवी होडी कोऱ्या लाकडानिशीच पाण्यात उतरते, समोरच्या पाजबेटाला टेकून येते आणि मगच तिला रंग लागतो. हे असं का, ते बुधाजीपासून सुरू होतं, असं सांगतात.

बुधाजी जाळी विणायचा. बायको मागेच गेलेली, एकच लेक, नमू, ती पाजबेटावर दिलेली. सासरी जाताना तिनं बापाला सांगून ठेवलं होतं म्हणे, की रोज दुपारी नारळाची ओली सोडणं पेटवीन. धूर दिसला की समजा, मी बरी आहे. चार वर्षं तो धूर दिसल्याशिवाय बुधाजी जेवायला बसला नाही.

मग बेटावर पटकी आली. कोंडवेळच्या पंचांनी सगळ्या होड्या वर ओढून घेतल्या. कुणी जायचं नाही, कुणाला आणायचं नाही. बुधाजी दारोदार फिरला, पाया पडला. होडी कुणी दिली नाही. त्यांना तरी काय बोल लावायचा, प्रत्येकाच्या घरात पोरंबाळं होती. आणि मधल्या पाण्याला ओढ अशी, की पोहणारा सरळ भर समुद्रात निघायचा.

तेव्हा त्यानं स्वतःच होडी बांधायला घेतली. जन्मात कधी बांधली नव्हती. परसातला फणस पाडला, घराची दारं काढली, माळ्याच्या फळ्या उतरवल्या. फळीला फळी भिडवली, सांध्यांत कापूस ठोकला, वरून राळ भरली. दोनदा होडी गळली, दोनदा त्यानं ती उकलली. तळहात सोलून निघाले. पण दुपारी मान वर करावी तर धूर असायचाच, की पुन्हा हातोडा उचलायचा. अकराव्या दिवशी होडीत पाणी भरून पाहिलं. थेंब गळला नाही.

तो होडी ढकलणार, इतक्यात जोमा नाखवा आला. गावातला सगळ्यात म्हातारा तांडेल, दर्याची खडान्‌खडा माहिती असलेला. त्याचा शब्द कुणी मोडत नसे. तो म्हणाला, "बुधा, नागडी होडी दर्यात घालू नको. दर्याचा अपमान होतो. तुझं जाऊ दे, येताना पोर असेल तुझ्यासंगती."

शेवटचं वाक्य बुधाजीच्या काळजात गेलं. स्वतःपुरता तो कुणालाच भ्याला नसता. त्यानं मुशी माशाच्या तेलात गेरू कालवला आणि होडी तांबडीलाल रंगवली. आभाळ भरलेलं, तेल काही वाळेना. पहिल्या दुपारी धूर दिसला. दुसऱ्या दुपारी दिसला, पण बारीक. बुधाजीनं रंगाला बोट लावून पाहिलं, बोट लाल झालं. नाखवा म्हणाला, एक दिवस आणखी कळ काढ. बुधाजीनं कळ काढली.

तिसऱ्या दुपारी धूर नव्हता.

मग कसला रंग आणि कसला दर्या! ओल्या होडीला खांदा लावून त्यानं ती एकट्यानं पाण्यात लोटली. पंच बघत उभे होते, अडवायला कुणी पुढे झालं नाही. त्यानं जीव तोडून वल्हं मारलं आणि अर्ध्या तासात बेट गाठलं. काठावर नमूची सासू बसली होती. सगळ्या घरात ती एकटीच उरली होती. तिनं बुधाजीचे लाल हात पाहिले आणि म्हणाली, "सकाळी गेली. दोन दिवस इथंच बसून होती. तुमची होडी लाल दिसायला लागली तशी हसली. म्हणाली, आत्या, रंग चढला, म्हणजे बाबा आता आलाच."

बुधाजी तसाच वाळूत बसून राहिला.

संध्याकाळी तो नमूच्या सासूला घेऊन परतला. बेटावरचं माणूस आणलं, तरी पंचांनी अडवलं नाही. दुसऱ्या दिवसापासून बुधाजी कालवाच्या शिंपल्यानं होडीचा रंग खरवडायला बसला. थोड्या वेळानं जोमा नाखवाही एक शिंपला घेऊन पलीकडच्या बाजूला बसला. दोघं तीन दिवस खरवडत होते, असं सांगतात. पुढं नाखव्यानंच पंचांत उभं राहून सांगितलं, की या गावात रंगासाठी होडी थांबणार नाही. तो नियम झाला खरा, पण नमूच्या काय कामाचा?

आजही कोंडवेळला होडी कोरीच सुटते. पाजबेटावर आता एकही घर नाही, नुसतं केतकीचं रान. तरी होडी तिथं टेकली की ती बांधणारा गुडघाभर पाण्यात उतरतो आणि बेटाकडे तोंड करून म्हणतो, "नमू, आलो गं." ओ यायची नाही हे त्यालाही ठाऊक असतं. मग होडी वळवून तो घरी येतो.