सात अठ्ठे

एकदा एक वृद्ध वैद्य होते. त्यांच्याकडे औषधं करण्याची विद्या शिकायला सगुणा नावाची एक तरुण बाई येत असे. सोबत तिची सात वर्षांची लेक मंजुळा असायची. सगुणा खलात सुंठ कुटायची आणि हात चालता चालता लेकीकडून पाढे म्हणवून घ्यायची. आपली शाळा अर्ध्यावर सुटली, पोरीचं तसं होऊ नये, या धास्तीनं तिच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

मंजुळा सातचा पाढा झोकात सुरू करी. 'सात अठ्ठे' आलं की मात्र गप्प. मग सगुणाचा हात उठे.

"छप्पन्न. किती वेळा सांगू गं? दगड आहेस नुसता."

चापट बसायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

वैद्यबुवा हे पाहत, बोलत काही नसत. एके सकाळी मात्र ते पितळेचं तबक घेऊन सगुणाच्या पाठीशी बसले. म्हणाले, "घाव मोठ्यानं मोजत कूट. बारा झाले की पुन्हा एकपासून."

बारावा घाव पडला आणि त्यांनी तिच्या कानाशी तबक असं बडवलं की तिच्या हातून बत्ता निसटला.

"अण्णा, हे काय?"

"औषधाला लागतं. चालू दे."

दर बाराव्या घावाला हेच. असे आठ दिवस गेले. म्हाताऱ्याचं आता वय झालं, असं सगुणाच्या मनात आलं. पण गुरूला बोलणार कसं?

नवव्या दिवशी बुवांनी तबक आणलंच नाही. सगुणा मोजू लागली. "दहा, अकरा..." आणि पुढे शब्दच येईना. डोळे मिटले, खांदे कानाला टेकले, हात हवेत तसाच राहिला.

"अकराच्या पुढे काय?" बुवांनी विचारलं.

"सांगते हो. येतंय."

"एवढी मोठी बाई, अन् बारा येईना? दगड आहेस का गं?"

मंजुळा फिस्सकन हसली. आणि हसता हसता थांबून तिनं आईकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नव्हे, हाताकडे.

ते सगुणाला दिसलं. तिनं बत्ता खाली ठेवला.

बुवा सौम्यपणे म्हणाले, "मेंदूत असंख्य पेशी असतात, पोरी. एक जागी झाली की शेजारणीला हाक मारते. पहिल्या हाकेला शेजारीण नीट ऐकत नाही. पण दोघी वारंवार एकाच वेळी जाग्या होऊ लागल्या, की शेजारीण त्या बाजूला नव्या खिडक्या उघडते. मग नुसतं कुजबुजलं तरी पुरतं. यालाच आपण लक्षात राहणं म्हणतो. भीती असली की या खिडक्या फार लवकर उघडतात. तुझ्या बाराशेजारी माझं तबक येऊन बसलं. तसा हिच्या सात अठ्ठेशेजारी तुझा हात. छप्पन्न बिचारं बाहेरच राहिलं."

सगुणाची मान वर होईना. "मला वाटत होतं, मी पाढा शिकवतेय."

"शिकवलंस ना. चांगलं पक्कं शिकवलंस. काय शिकवतेस, तेवढं बघितलं नाहीस."

"आता पुसता येईल?"

"पुसलं जात नाही सहसा. नवी शेजारीण जोडून द्यावी लागते. तिला पुन्हा पुन्हा हाक मारत राहिलं की जुनीचा आवाज मंदावतो."

"किती दिवस लागतील, अण्णा?"

"माझं तबक आठ दिवस वाजलं. तुझा हात कधीपासून चाललाय?"

सगुणानं खल बाजूला सारला.

ती उठून लेकीजवळ जमिनीवर बसली. दोन्ही हात स्वतःच्या मांडीखाली घेतले आणि हळूच म्हणाली, "सात अठ्ठे." मंजुळेनं मान आत ओढली, डोळे घट्ट मिटले. चापट बसली नाही. मग आईच म्हणाली, "छप्पन्न," आणि पुन्हा, त्याच आवाजात, "सात अठ्ठे."

मंजुळेनं एक डोळा उघडला.